उतरता उतरता

आयर्लंडमध्ये बसमधून उतरणारा माणूस उतरता उतरता ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतो. म्हातारी माणसं म्हणतात. शाळेची पोरं म्हणतात. कानात इअरफोन घातलेली कॉलेजातली मुलंही म्हणतात. डब्लिनच्या काही बसना मधलाही दरवाजा असतो. तिथून उतरणारा जरा आवाज चढवून म्हणतो, पुढपर्यंत ऐकू जावं म्हणून. ड्रायव्हर कधी मान हलवतो, कधी आरशात बघून हात वर करतो, कधी समोरच्या सिग्नलकडेच बघत राहतो. उत्तरासाठी कुणी थांबत नाही. म्हटलं आणि उतरलं, एवढंच.

शिकायला म्हणून मी त्या देशात गेले तेव्हा सुरुवातीला हे नुसतं ऐकत असे. पुढे मीही म्हणायला लागले. आधी सगळे म्हणतात म्हणून, मग सवयीनं. सवयीच्या गोष्टींकडे आपण फारसं बघत नाही. पण एका सुट्टीत मित्रमैत्रिणींबरोबर तो देश बसनं फिरले. दिवसातून कितीदा तरी चढणं-उतरणं झालं आणि तो शब्द मनात रेंगाळू लागला. ड्रायव्हरला पगार मिळतो. आपण तिकीट काढलेलं असतं. देणंघेणं पुरं झालेलं असतं. मग हे वरचं कशासाठी?

आम्ही चौघं होतो. एक नागपूरचा, एक चिपळूणजवळच्या खेड्यातला, एक कोल्हापूरची आणि मी. मे महिना होता, परीक्षा संपल्या होत्या. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. कुणी कॅफेत कप विसळले होते, कुणी दुकानात फळ्यांवर माल लावला होता. त्यातून मागे पडलेल्या पैशांवर हा प्रवास होता. भाड्याची मोटार परवडणारी नव्हती. तरुण चालकाला तिथे विम्याचेच पैसे भारी पडतात. तेव्हा बस, जिथे स्वस्त मिळेल तिथे रेल्वे, रात्री हॉस्टेलातली दुमजली खाट आणि जेवण आपल्या हातचं, असं ठरलं.

पैसे कमी असले की माणूस प्रवासाला वेळ देतो. पश्चिमेकडच्या खेड्यांत बस दिवसातून मोजक्याच वेळा येते. मधला वेळ थांब्यावर बसून काढायचा. समोर नुसत्या दगडावर दगड रचून केलेली कुंपणं, पलीकडे मेंढ्या, मधेच येऊन गेलेला पाऊस. मोटारवाला जो रस्ता दहा मिनिटांत मागे टाकतो, तो आम्हाला तासभर बघायला मिळे. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही. आज तर ते थांबेच जास्त आठवतात.

सकाळी दहा-अकराच्या खेड्यातल्या बसमध्ये मुख्यतः दोन तऱ्हेची माणसं असतात. मोटार चालवणं सोडलेली म्हातारी माणसं आणि आमच्यासारखे परके. ६६ वर्षांवरच्यांना तिथे प्रवास मोफत आहे. योजना १९६७ सालची. त्यामुळे ती बस बाजाराचीही असते, दवाखान्याचीही आणि गप्पांचीही. एन्निसला जाणाऱ्या बसमध्ये एक आजी पास दाखवून चढल्या होत्या. वाटेत एका गावी, हातातल्या पिशव्या सावरत, हळूहळू उतरल्या. उतरताना त्यांनीही थँक्यू म्हटलं. तिकीट काढलेला माणूस जसं म्हणतो, तसंच. ना कमी, ना जास्त.

मला ते मोलाचं वाटलं. पैसे भरलेला म्हणतो आणि न भरलेलाही म्हणतो. दोघांच्या म्हणण्यात फरक नसतो. तेव्हा त्याचा तिकिटाशी संबंध नसावा. तिकिटानं अंतर फिटतं. पावसात, अरुंद रस्त्यावर, आपल्याला सांभाळून इथवर आणणारा माणूस मात्र तिकिटात मावत नाही.

आपल्याकडे ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत झाली आहे. पण उतरताना काही म्हणण्याची रीत आपल्याकडे नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा चिपळूणचा मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं त्याच्या गावच्या मुक्कामी गाडीचं सांगितलं. शेवटची एसटी रात्री गावात यायची आणि पहाटे माघारी निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकायचे. त्यांच्या जेवणाची पाळी कुणी लावून दिलेली नव्हती. पण कधी एका घरून भाकरी-कालवण यायचं, कधी दुसऱ्या घरून भात आणि कुळथाची पिठी. थंडीत पहाटे कुणीतरी चहाची किटली घेऊन गाडीपाशी उभं असायचं. "तोंडानं कुणी काही म्हणत नसे," तो म्हणाला, "पण गाडीवाले उपाशी निजलेत असं कधी झालं नाही."

कुठे ते ओठांवर येतं, कुठे ताटात वाढलं जातं.

पुढे आम्ही समुद्रकाठचे मोहरचे कडे पाहिले. सगळ्यात उंच जागी ते समुद्रापासून २१४ मीटर वर आहेत. त्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात, आणि कडे त्या छायाचित्रांहून खूप मोठे आहेत, इतकंच सांगते. त्याहून मनात राहिलं ते बरेनचं पठार. मैलोन्मैल राखाडी चुनखडक. माती नाहीच म्हणावी अशी. आणि मे महिन्यात त्या खडकाच्या भेगांतून जेन्शियनची गडद निळी फुलं वर आलेली. आल्प्सच्या उंचीवर राहणारं हे फूल तिथे समुद्राच्या शेजारी फुलतं. वाकून बघितल्याशिवाय ते दिसत नाही. आम्ही पायी होतो म्हणून दिसलं.

हॉस्टेलांविषयी मात्र सावकाश लिहायला हवं. तिथली स्वयंपाकघरं सगळ्यांची असतात. चार शेगड्या, काळवंडलेली भांडी, ज्यानं त्यानं आपलं शिजवायचं आणि आपलं घासून ठेवायचं. बहुतेक ठिकाणी एक फळी वेगळी राखलेली असते. पुढच्या गावाला निघालेला माणूस जे बरोबर नेऊ शकत नाही, ते त्या फळीवर ठेवून जातो. अर्धी पिशवी तांदूळ. तळाशी दोन बोटं तेल उरलेली बाटली. चहाच्या पुड्या, पास्ता, मीठ. ज्याला हवं त्यानं घ्यावं. कुणाला विचारायचं नाही.

पहिल्या रात्री आम्ही भिजलेले, भुकेलेले पोहोचलो. दुकानं बंद झाली होती. आमच्याकडे मूगडाळ होती, कोल्हापूरच्या मैत्रिणीकडे घरचा कांदा-लसूण मसाला होता. तांदूळ, तेल आणि मीठ त्या फळीवरचं. खिचडी झाली. खिडकीबाहेर दहा वाजत आले तरी उजेड होता. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे दिवस मावळायला तयार नसतो. आम्ही चौघं एकाच पातेल्याभोवती बसून जेवलो आणि फार कमी बोललो.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण मीठ कुणाचं हेच ठाऊक नसलं तर? ते ठेवणारा कुठल्या देशाचा, कधी येऊन गेला, काही कळायला मार्ग नाही. त्याला शोधून काढणं शक्य नाही. त्याचीही तशी अपेक्षा नसणार. निघताना आम्ही मसूर डाळीचं एक पाकीट त्या फळीवर ठेवलं. वर चिठ्ठी लावली, एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी. पुढच्या प्रत्येक मुक्कामी काहीतरी घेतलं आणि काहीतरी ठेवलं. ज्याचं घेतलं त्याला ते मिळालं नाही. ज्याला मिळालं त्याचं आम्ही काही घेतलेलं नव्हतं. तरी मनाला कुठे बोच राहिली नाही.

आमच्यातला हिशेब कोल्हापूरची मैत्रीण ठेवी. ब्रेड, दूध, बसचं भाडं, सगळ्याचे चार भाग. कमी पैशांत मिळून फिरायचं तर हिशेब चोखच हवा, या मताची मी आहे. न बोललेला एक युरो मनात साचत जातो आणि पुढे मैत्रीलाच जड होतो. रात्री झोपण्याआधी ती आकडे वाचून दाखवी आणि आम्ही लगेच पैसे चुकते करत असू. पण नागपूरच्या मित्राचा गुडघा दुखत होता, आणि खालची खाट न सांगता त्याच्यासाठी सोडली जाई. पहाटेची बस असली की कुणीतरी आधी उठून सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवी. याचे चार भाग कुणी केले नाहीत. करता आलेही नसते.

मग दक्षिणेकडे कॉर्कला आलो. तिथून मिडलटनला रेल्वेनं अर्धा तासही लागत नाही. मिडलटनच्या बेलिक पार्कात एक शिल्प उघड्यावर उभं आहे. पोलादाची नऊ पिसं, गरुडाची, माणसाच्या तिप्पट उंच, गोलात रोवलेली. जरा लांबून बघितलं की त्यांचा मिळून एक वाडगा दिसतो. रिकामा. शिल्पकार ॲलेक्स पेन्टेक. शिल्पाचं नाव 'किन्ड्रेड स्पिरिट्स'.

त्यामागची गोष्ट अशी. १८४५ साली त्या देशात बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं सारं पोट बटाट्यावर होतं. त्यापुढच्या सात वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि रोगांनी गेली. तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. १८४१ मध्ये आयर्लंड बेटावर ८० लाखांहून अधिक माणसं होती. आजही तेवढी नाहीत. बसच्या खिडकीतून डोंगरउतारावर जुन्या बटाट्याच्या वाफ्यांच्या खुणा दिसतात. वर गवत वाढलेलं आहे, पण सऱ्या अजून कळतात.

त्या दुष्काळात लांबलांबून मदत आली. कलकत्त्याहूनही निधी गेला होता. आणि १८४७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ या आदिवासी जमातीनं १७० डॉलर गोळा करून पाठवले. हे लोक स्वतः १८३१ पासून मिसिसिपीतल्या आपल्या जमिनीवरून हुसकले गेले होते. पश्चिमेकडे चालत निघालेल्यांतले हजारो वाटेत थंडीनं, उपासमारीनं, आजारानं मेले होते. त्याला जेमतेम दीड दशक झालं होतं. त्यांनी आयर्लंड कधी पाहिलेलं नव्हतं. समुद्रापलीकडे कुणीतरी उपाशी आहे, एवढंच त्यांना कळलं. उपाशी असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी त्या पिसांच्या मधोमध बराच वेळ उभी होते. वाटलं, ते १७० डॉलर आयर्लंडनं पुढे कधीतरी परत पाठवले असते तर? हिशेब मिटला असता, आणि त्याबरोबर ओळखही मिटली असती. ते ऋण तसंच राहिलं म्हणून या दोन लोकसमूहांमधलं नातंही राहिलं. २०१७ मध्ये या शिल्पाचं लोकार्पण झालं तेव्हा चोक्टॉ प्रमुख तिथे आले होते. २०१८ मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर ओक्लाहोमात चोक्टॉ लोकांच्या भेटीला गेले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना आयर्लंडमध्ये शिकता यावं म्हणून शिष्यवृत्ती जाहीर केली. वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. चिपळूणच्या मित्राला हे सांगताना फार आनंद झाला होता. २०२० च्या साथीत अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी कुटुंबांसाठी मदत गोळा होऊ लागली, तेव्हा हजारो आयरिश माणसांनी पैसे पाठवले. चोक्टॉ वेगळे, नवाहो वेगळे. पण पाठवणाऱ्यांनी कारण सांगितलं ते १८४७ चं.

शेवटी आम्ही अहाकिस्टाला गेलो. हे नाव प्रवासाच्या यादीत सहसा नसतं. कॉर्कहून बॅन्ट्रीपर्यंत बस आहे. पुढे शीप्स हेड नावाचं अरुंद लांबट भूशिर अटलांटिकमध्ये शिरते. आम्ही चालू लागलो. थोड्या वेळानं एका बाईंनी मोटार थांबवली. आमचे चेहरे बघून त्यांनी एकच विचारलं, "मेमोरियलला ना?" आम्ही हो म्हटलं. तुमच्या घरचं कुणी होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. आम्ही नाही म्हटलं. आम्ही तेव्हा जन्मलेलोही नव्हतो. त्यांनी मान हलवली. मी तेव्हा शाळेत होते, त्या म्हणाल्या, दर जूनमध्ये आम्ही तिथे जातो.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान कॅनडाहून लंडनला येत होतं. तिथून पुढे ते दिल्ली आणि मुंबईला जायचं होतं. आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रावर, विमानात ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. ३२९ माणसं गेली. बहुतेक भारतीय वंशाची, कितीतरी लहान मुलं, काही तर पूर्ण कुटुंबंच्या कुटुंबं. 'लॉरेन्शियन फॉरेस्ट' हे मालवाहू जहाज आधी पोहोचलं, मागोमाग आयरिश नौदलाचं 'ॲशलिंग'. खलाशांनी लाटांतून देह वर काढले. निम्म्याहून कमी हाती लागले. ते कॉर्कच्या रुग्णालयात आणले गेले आणि नातेवाईक जगभरातून कॉर्कला आले. शहरातल्या लोकांनी त्यांच्यासाठी आपली घरं उघडली. भाषा कळत नव्हती त्यांच्या शेजारी नुसते बसून राहिले.

वर्षभरानं, २३ जून १९८६ ला, अहाकिस्टाच्या किनाऱ्यावर स्मारक उभं राहिलं. छोटीशी बाग, एक सूर्यघड्याळ, आणि एक भिंत. भिंतीवर नावं. समोर डनमॅनसचा उपसागर आणि त्यापलीकडे समुद्र.

आम्ही नावं वाचू लागलो. आपल्या वर्गात असतात तशी नावं, आपल्या गल्लीत असतात तशी. आडनाव एकच आणि त्याखाली आई, वडील, मुलं. कोल्हापूरच्या मैत्रिणीनं मधेच वाचणं थांबवलं आणि बाकावर जाऊन बसली. बागेतलं गवत ताजं कापलेलं होतं. कुणीतरी नुकतीच फुलझाडं लावली होती, माती अजून ओली होती.

मला राहून राहून एकच वाटत होतं. ही माणसं या गावात उतरायचीच नव्हती. या गावावरून उंच आकाशातून पुढे निघून जायची होती. अहाकिस्टाचं नावही त्यांतल्या कुणी ऐकलेलं नसेल. या गावाचं त्यांच्याकडे काही देणं नव्हतं आणि येणंही नव्हतं. तरी इतकी वर्षं इथे कुणीतरी गवत कापतं, फुलं लावतं, जूनमध्ये सकाळी येऊन उभं राहतं. आभार मानायला त्यांच्यातलं कुणी उरलेलं नाही. जे नातेवाईक येतात ते मानतात. गावातली माणसं त्यांना आपल्या घरी चहाला नेतात. त्यातून तिथे चाळीस वर्षांची मैत्री झाली आहे.

शिकायला, नोकरीला आयर्लंडमध्ये जाणारी आपली मुलं आता पुष्कळ आहेत. सुट्टीत तीही कमी पैशांत देश बघायला निघत असतील. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगावंसं वाटतं: मोहरचे कडे बघा, गॉलवेचं संगीत ऐका, आणि दक्षिणेकडे आलात की एक दिवस अहाकिस्टासाठी ठेवा. बॅन्ट्रीहून निघताना पुढच्या गाडीची चौकशी करून ठेवा, पाणी आणि पावसाचा कोट बरोबर असू द्या. दरवर्षी २३ जूनला सकाळी तिथे माणसं जमतात. त्या दिवशी जाता आलं तर फारच चांगलं. नाहीतर बाग वर्षभर उघडी असते. घाईनं फोटो काढून निघू नका. भिंतीवरची नावं वाचा, जमलं तर मोठ्यानं वाचा. आणि तिथे कुणी गवत कापताना, झाडांना पाणी घालताना भेटलं, तर त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय परत फिरू नका.